देठाकडची फोड

मुरमाच्या ट्रॉलीत नुसता मुरूम कधीच नसतो. खडे असतात, बाभळीचे काटे असतात, एका पायाची चप्पल असते. कुणाच्या माळावरून भरून आणला, हे ट्रॉलीवाला सांगत नाही.

◦

काळ्या शेळीचं नाव हेलिकॉप्टर.

◦

तिळाहून लहान माशी फुलाच्या नळीत उतरते. नळीत केस आहेत, सगळे खाली वळलेले. उतरता येतं, चढता येत नाही. दुसऱ्या दिवशी केस सुकतात, फूल मान टाकतं आणि माशी बाहेर पडते. तिच्या अंगाला पराग चिकटलेला असतो. ती दुसरं फूल बघते आणि त्यात उतरते. माशी काही शिकत नाही.

◦

बेंबळीच्या माळावर शेळ्या राखणारी माणसं हंगामातला पहिला कंद घरी नेत नाहीत. निघाला तिथंच सोलायचा. त्या वेळी तिथं जितकी माणसं उभी असतील तितक्या फोडी करायच्या. ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो उभा असला तरी त्याची फोड निघते. देठाकडची फोड परक्याला.

◦

जास्वंद, मोगरा, शेवगा, कढीपत्ता, मिरचीची रोपं मिळतील. आत येताना फाटक लावून घ्यावं. शेळ्या.

◦

सपाट करणाऱ्या मशीनला जमीन सपाट झाल्याचं कळत नाही. कुणीतरी सांगावं लागतं.

◦

नंदाची रोपवाटिका बेंबळीहून धाराशिवकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. वरची रोपांची पाटी तिच्या फाटकावरची आहे, तिच्याच अक्षरात. शेळ्या मुनवर चाचांच्या.

एका उन्हाळ्यात तिनं चिखल होऊ नये म्हणून वाफ्यांच्या मधे मुरूम पसरला. पाऊस पडल्यावर त्या मुरमातून एक दोरा वर आला. दोराच म्हणायचा. हिरवा, बोटात धरला तर तुटेल असा, जाडसर पानांचा. तो शेजारच्या जास्वंदीवर चढायला लागला. नंदा तण उपटत उपटत त्याच्यापर्यंत आली, हात घातला आणि थांबली. का थांबली ते तिला सांगता येत नाही. खाली बोटांनी उकरलं तर भाकरीच्या उंड्यासारखा चपटा कंद होता. तिनं तो कुंडीत लावला, वेलीला काडी दिली.

श्रावणात फूल आलं. हिरवट नळी, बुडाशी फुगलेली. वर पाच पाकळ्या, जांभळ्या-काळ्या, टोकाशी एकमेकींना चिकटून त्यांचा पिंजरा झालेला. कंदील असतो तसं. पण बाहुलीच्या हातात द्यावा एवढा.

मुनवर चाचा छाटलेल्या फांद्या न्यायला आले होते. रोज येतात, शेळ्यांसाठी. कुंडीसमोर उभे राहून ते एवढे हसले की खांद्यावरची कोयती खाली ठेवावी लागली.

"या खुदा! अगं ही खरचुडी! खायची चीज कुंडीत लावलीस? उद्या भाकरी लावशील."

"चाचा, हे फूल बघा तरी."

"फूल कोण बघतंय? आमी खाली बघणारी माणसं."

◦

नाव. पुस्तकात खरपुडी, कंदीलफूल. चाचांच्या तोंडी खरचुडी. नंदाच्या तोंडी ती.

चव, चाचांनी सांगितलेली. आधी पाणी. मग काकडी. मग जरा कडू. मग तहान गेलेली असते.

चव, नंदानं घेतलेली. नाही.

जागा. खडकाळ माळ, दगडाच्या सांदी, काटेरी झुडपाच्या आत. झुडूप असतं म्हणून शेळी तोंड घालत नाही.

माती. मुरूम आणि वाळू. शेणखत घातलं की सडते. माया केली की सडते.

पाणी. पावसाळ्यात थोडं. दिवाळीनंतर अजिबात नाही. वेल वाळून गळून जातो, कुंडी रिकामी दिसते, आणि घरातलं कुणीतरी ती रिकामी समजून उचलतं. कुंडीवर वीट ठेवावी.

शेंग. नाही.

◦

शेंग पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही, पुढंही नाही. फुलं येत, माशा येत, फुलं गळत. धाराशिवच्या कॉलेजात वनस्पती शिकवणाऱ्या एक बाई मोगरा न्यायला आल्या होत्या, त्यांनी कुंडी बघितली आणि खाली बसल्याच. मग म्हणाल्या, "ह्या जातीत सहसा स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही. दुसरा वेल पाहिजे. दुसऱ्या कंदाचा."

"फांदी लावली तर?"

"फांदी म्हणजे हाच वेल. दुसरा पाहिजे."

त्या दिवशी नंदाला कळलं की तिच्याकडं एक वेल आहे म्हणजे काय आहे. कंद एखाद्या पावसात सडेल आणि ही गोष्ट संपेल. तो कुठल्या माळाचा, ते ट्रॉलीवाल्यालाही आठवत नव्हतं. त्या माळाचा एव्हाना कुणाच्या तरी घराचा पाया झाला होता.

तिनं चाचांना कामाला लावलं. चाचा म्हणाले, "त्यात काय! आमच्या लहानपणी सदरा भरून आणायचो." आणि शोधायला लागल्यावर गप्प झाले. माळ नांगरले होते. जे नांगरले नव्हते ते खणले होते. तीन पावसाळे ते शेळ्यांमागं झुडपांत वाकून बघत फिरले, आणि रोज फाटकातून आत येताना तोंडानं काही बोलायच्या आधी मानेनं नाही म्हणत.

चौथ्या पावसाळ्यात फोन आला.

"नंदा, तुझ्या वेलीला नवरा गावला."

"कुठं?"

"उगवतीच्या माळावर, बोराटीत. फूल हाय त्याला. पण वऱ्हाड लवकर आण, पोरी. मशीन आलंय."

◦

तिनं स्कूटीच्या पायाशी वाळूचा डबा ठेवला, खुरपं घेतलं, एक ओलं फडकं घेतलं. रस्त्यात तिनं काय विचार केला ते लिहिण्यासारखं नाही, कारण तिनं एकच शब्द परत परत म्हटला आणि तो शब्द थांब असा होता.

माळावर सोलरचं काम चाललं होतं. एका बाजूला लोखंडी खांबांची रांग उभी होती. दुसऱ्या बाजूनं जेसीबी झुडपं, दगड, माती एकत्र ओढत येत होता. मागं उरलेली जमीन सारवल्यासारखी. बोराटी मधोमध.

चाचा बोराटीसमोर कोयती आडवी धरून उभे होते. शेळ्या लांब पांगल्या होत्या. नंदा थेट मशीनकडं गेली आणि दोन्ही हात वर केले.

ऑपरेटरनं तोंडाला गमजा गुंडाळला होता, धुळीत सगळेच गुंडाळतात. डोळे तेवढे दिसत होते. त्यानं इंजिन बंद केलं नाही. हातानंच विचारलं, काय.

"दादा, त्या बोराटीत एक वेल आहे. तेवढा काढून घेते."

त्यानं कानाला हात लावला.

"वेल! वेल काढायचाय!"

तो खाली वाकला. गमज्याच्या आतून शब्द जाड होऊन आले. "हा पट्टा आजच्या आज साफ पायजे, ताई. सायेब यायलेत."

"आजच काढते. आत्ता."

त्यानं तिच्याकडं बघितलं, बोराटीकडं बघितलं, चाचांच्या कोयतीकडं बघितलं. मग हातानं पलीकडची बाजू दाखवली. "तिकडून घेत येतो. हितं पोचलो की थांबणार न्हाय."

मशीन वळलं.

"काय म्हणला धनाजी?" चाचांनी विचारलं.

"तुम्ही ओळखता?"

"सकाळी नाव इचारलं. कळंबकडचा हाय. नाव सांगितलं आणि मान फिरवली. लई बोलत न्हाय. आपल्यासारख्याशी न्हाय बोलत."

ते वाक्य नंदाच्या ओळखीचं होतं.

◦

बोराटीचा काटा दोन प्रकारचा असतो. एक सरळ आणि एक मागं वळलेला. सरळ टोचतो. वळलेला धरून ठेवतो.

◦

नंदानं फांद्या उचलून धरल्या. चाचा पोटावर झोपून आत शिरले. वेल बोराटीच्या बुंध्याला दोनदा गुंडाळून एका चपट्या दगडाच्या कडेनं खाली जात होता. फूल वर होतं, पिंजरा मिटलेला नव्हता, आणि आत काहीतरी हलत होतं. नंदानं एक हात मोकळा करून फुलाला फडक्याची सैल गाठ मारली. आतली माशी बाहेर पडली तर फडक्यात पडू दे.

"वढू नका, चाचा!"

"वढत न्हाय गं. इचारतोय त्याला."

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, ह्या दगडाखाली म्या लई वर्सांपासून हाय, तुमी कोण?"

त्यांनी खुरप्यानं दगडाची कड मोकळी केली. दगड हलला नाही. त्यांनी कोयतीचं टोक घातलं, दाबलं. कोयती वाकली. पलीकडं मशीनचा आवाज बदलला. ओढणं संपून वळणं सुरू झालं होतं. नंदाच्या मनगटातून रक्त कोपराकडं निघालं होतं आणि तिला पुसायला हात नव्हता.

"कंद फोडून काढू का? अर्धा तरी निघंल."

"नाही. सगळा पाहिजे. कोंबाचा डोळा देठापाशी असतो. तो गेला की गेलं."

"मला सांगतीस? म्या जन्म घालवला ह्यात."

"खाण्यात घालवला!"

"व्हय मग! लावायला कुणी शिकवलंय आमाला?"

आता जमीन हलत होती. बोराटीच्या बुडाशी बारीक खडे नाचत होते. मशीन समोर आलं. पुढचं लोखंडी सुपडं वर होतं. त्याच्या कडेला तरवडाचं एक झुडूप मुळासकट लटकत होतं.

आणि मशीन थांबलं. म्हणजे पुढं यायचं थांबलं, इंजिन चालूच. धनाजी खाली उतरला, सीटमागून पहार काढली आणि चालत आला. चाचा झुडपातून मागं सरकले. नंदानं फांद्या सोडल्या नाहीत. तिला वाटलं, हा आता पहारीनं उपटून फेकणार.

त्यानं पहार दगडाच्या कडेला लावली, खाली एक खडा सरकवला आणि अंगाचा भार टाकला. दगड उठला. त्यानं मानेनं खूण केली. चाचांनी हात घातला.

चाचांचा हात कोपरापर्यंत आत होता आणि त्यांनी डोळे मिटले होते.

हात बाहेर आला तेव्हा त्यात कंद होता. तळव्याएवढा, चपटा, मातकट, वर मधोमध देठाची गाठ, गाठीतून वेल. अख्खा. नंदाच्या तोंडून आवाज निघाला, तो शब्द नव्हता.

"धरा. असाच धरा. डबा आणते."

डबा स्कूटीपाशी होता. स्कूटी पाण्याच्या चारीच्या पलीकडं होती.

◦

आता जे झालं ते चाचांनी केलं असं म्हणता येत नाही. त्यांच्या हातांनी केलं.

हंगामातला पहिला कंद. हंगामातला कसला, किती हंगामांतला. जागेवर तीन माणसं, एक परका. आणि त्या परक्यानं दगड उचललेला. चाचांनी मांडीवर कंद घेतला, कमरेचा चाकू काढला. साल एका वेटोळ्यात निघाली. वेल गाठीपासून वेगळा केला. तीन फोडी. देठाकडची उचलून त्यांनी धनाजीपुढं केली, दोन्ही हातांनी.

"घ्या, धनाजीराव. मालक तुमी आज."

धनाजीनं फोड घेतली. बघितली. "नंतर," म्हणाला. ती त्यानं शर्टाच्या वरच्या खिशात टाकली, पहार खांद्यावर घेतली आणि मशीनकडं गेला.

चाचांनी आपली फोड तोंडात घातली आणि चावली. आधी पाणी. मग काकडी.

नंदा डबा घेऊन चारी ओलांडून आली.

"ये, ये. लई वर्सांनी, नंदा. खा—"

त्यांनी तिचं तोंड बघितलं. मग डबा बघितला. मग मांडीवरची साल. चावणं थांबलं. गाल फुगलेलाच राहिला. गिळावं की थुंकावं हे त्यांना कळेना.

"या अल्ला," ते तोंडातल्या फोडीवरूनच म्हणाले. "या अल्ला, माझे हात."

"देठाकडची कुठाय?"

चाचांनी मशीनकडं बघितलं.

"खाल्ली त्यानं?"

"न्हाय." आता त्यांनी गिळलं. "तोंडाला न्हाय लावली. खिशात टाकली. नंतर म्हणला."

हे शेवटचं वाक्य ते वेगळ्या आवाजात बोलले, आणि नंदाला तो आवाज कळला. नंतर म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. नंदाची आजी जाईबाई सांगायची, त्यांच्या वेळी आपल्या हातचं नको असं तोंडावर कुणी म्हणायचंच नाही. ठेव तिथं, घेतो नंतर, असं म्हणायचे, आणि माणूस वळला की भाकरी कुत्र्याला जायची. चाचांच्या घरची शिरखुर्म्याची वाटी गावात काही घरांत हसून घेतली जाते आणि तशीच भरलेली मोरीत रिकामी होते. माळावर मात्र आजवर कुणी फोड खिशात टाकली नव्हती. माळावर सगळे खात.

मशीननं सुपडं खाली घेतलं.

नंदा पळाली.

◦

सुपडं बोराटीला लागलं. काड, असा आवाज झाला. बोराटी आडवी झाली आणि मुळं वर आली. नंदा सुपड्याच्या पुढं नाही, बाजूनं आली, चाकावरून पायरीवर चढली आणि केबिनचा दांडा धरला. धनाजी दचकला. मशीनला धक्का बसला आणि ते जागच्या जागी डुललं.

"मरायचंय का, ताई!"

"ती फोड द्या."

तो बघत राहिला.

"खिशात टाकलेली. द्या."

त्यानं खिशात हात घातला. फोडीबरोबर किल्ल्यांचा जुडगा आला, बसचं तिकीट आलं. फोडीला खिशातली धूळ लागली होती. वर गाठ होती. गाठीच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा हिरवा ठिपका होता, तो शाबूत होता. नंदानं तो आधी बघितला आणि मग श्वास घेतला.

आता तिनं उतरायला पाहिजे होतं. ती उतरली नाही.

"खायची नव्हती तर घेतली कशाला?"

धनाजीनं गमज्यावर हात ठेवला. तो काहीतरी बोलला. इंजिन मोठं होतं, गमजा जाड होता, काही पोचलं नाही. तिला ऐकायचंही नव्हतं. ती उतरली आणि मागं वळून बघितलं नाही.

◦

राख. चुलीतली, चाळलेली. कापलेल्या बाजूला लावावी, फुंकू नये.

सावली. काप सुकून कातडं धरेपर्यंत.

मग कोरडी वाळू, थोडा मुरूम, फोड गाठ वर करून. झाकायची नाही पूर्ण.

पाणी नाही.

पाणी नाही.

दुसरी फोड, नंदाच्या वाट्याची. तीही लावली, डोळा नसताना. वासावरून कळलं आणि काढून टाकली.

फूल. कापलेल्या वेलीसोबत घरी आलेल्या फडक्यात माशी निघाली होती. नंदानं ती घरच्या वेलीपाशी सोडली. घरच्या वेलीवर त्या दिवशी नुसत्या कळ्या होत्या. माशी कळीवर बसली, चालली, उडून गेली.

◦

म्हणजे जे काही होतं ते त्या एका फोडीत होतं.

चाचा येईनासे झाले. छाटलेल्या फांद्या फाटकाशी वाळून गेल्या. हेलिकॉप्टर एकटी आली, वाळलेलं खाल्लं आणि गेली. शेवटी नंदाच घरी गेली. फातिमाबी चाचींनी दार उघडलं आणि आतल्या बाजूला मान करून म्हणाल्या, "घ्या. आली. आता तोंड दाखवा. मला रोज खरचुडी खरचुडी करून जीव खाल्लाय ह्यांनी. जेवायला वाढलं की हात बघत बसत्यात."

"चाचा, फांद्या कोण नेणार?"

नंदा उंबऱ्यापाशी आली.

"मी रागावले नाही."

"रागाव की," चाचा आतून म्हणाले. "रागावली असतीस तर बरं व्हतं."

दुसऱ्या दिवशी ते आले. कुंडीसमोर उकिडवे बसले.

"पाणी घालू का वाईच?"

"हात लावायचा नाही."

"न्हाय लावत." त्यांनी दोन्ही हात काखेत घातले आणि तसेच बसून राहिले. पुढं ते नेहमीच तसे बसायचे. गिऱ्हाईक विचारायचं, बाबांना थंडी वाजते का?

हिवाळा गेला. फोड आकसली, सुरकुतली, सुपारीसारखी झाली. जिवंत कंदही हिवाळ्यात असाच होतो, मेलेलाही असाच होतो. नंदाचं बोट रोज वाळूपर्यंत जायचं. नखानं जरा खरवडलं असतं तर आत हिरवं आहे का काळं ते कळलं असतं. पण खरवडलेल्या जागेतून बुरशी शिरते. तिनं कुंडीवर वीट ठेवली. मग दुसरी ठेवली. उन्हाळ्यात पत्र्याखाली गरम होतं म्हणून कुंडी आत आणली, आत कोंदट म्हणून बाहेर नेली. घरी नवरा म्हणाला, "लेकरू आजारी असल्यावर एवढी उठबस केली नव्हतीस." ती म्हणाली, "लेकरू रडतं तरी."

पाऊस पडला. जुन्या कुंडीतून दोरा आला. नव्या कुंडीतून नाही.

जुना वेल काडीच्या वर गेला. नवी कुंडी तशीच. चाचांनी काखेतले हात काढले, परत घातले.

"गेली असंल का गं?"

"माहीत नाही."

"उकरून बघ की."

"तुम्ही बघाल?"

"म्या?" चाचा उठून उभे राहिले. "म्या न्हाय. माझ्या हाताचा भरवसा न्हाय."

नवी कुंडी बोलली तेव्हा जुन्या वेलीला कळ्या आल्या होत्या. वाळूत एक वाकडी, हिरवी, नखाएवढी गोष्ट दिसली. नंदा ओरडली नाही. वीट हळूच लांब ठेवली आणि फाटकाला कडी घातली.

आता भीती दुसरी. जुना वेल फुलून संपेल आणि नवा अजून पानांतच असेल. तसंच व्हायला लागलं. जुन्याची फुलं उमलली, गळली, उमलली, गळली. नंदा रोज उरलेल्या कळ्या मोजायची आणि रोज कमी असायच्या. तिनं जुनी कुंडी सावलीत सरकवली, कळ्या रेंगाळाव्यात म्हणून. नवी उन्हात. नव्या वेलीला कळी आली, ती फुगली, आणि फुगूनच राहिली. जुन्यावर शेवटचा झुपका होता.

ज्या सकाळी नव्या वेलीनं पिंजरा उघडला, त्या सकाळी जुन्या वेलीवर उमललेलं फूल होतं. दोन कुंड्या पानाला पान लावून ठेवल्या. रोपवाटिका बंद ठेवली. औषध फवारायचं नव्हतं, उदबत्ती लावायची नव्हती, चाचांनी बिडी ओढायची नव्हती. माशा याव्यात म्हणून चाचांनी मटणाची चिंधी आणून टांगायची सूचना केली. नंदानं ती मानली नाही. मग पाऊण दिवस एकही माशी आली नाही तेव्हा मानली.

आल्या. उतरल्या. नंदा आणि चाचा भिंतीला पाठ लावून बसले. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. फूल अंगातल्या अंगात थरथरल्यासारखं वाटायचं, तेवढंच.

◦

शेंग. हो.

जुन्या वेलीवर. एका देठातून दोन, निमुळत्या, एकमेकींपासून लांब जाणाऱ्या. चाचांनी बघितल्या आणि आपल्या काळ्या शेळीला फाटकाबाहेरून हाक मारली. "बघ गं, तुझी शिंगं हितं उगवल्यात."

शेंग फुटली की बी उडून जातं. प्रत्येक बीला रेशमाचा झुपका असतो. म्हणून पिकायच्या आधी मलमलीची पिशवी बांधावी. नंदानं जुनी ओढणी फाडली. पिशवी एका सकाळी आतून फुगलेली दिसली, कापूस भरल्यासारखी.

◦

यंदा तिच्याकडं रोपं आहेत. छोट्या पिशव्यांत, बोटभर, एका ओळीत. फाटकावरच्या पाटीत त्यांचं नाव नाही. कॉलेजच्या बाई घेऊन गेल्या. अणदूरच्या एकानं माळावर परत लावायला मागून नेली. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, ही कुठून आली? नंदा सांगते. माळ सांगते, बोराटी सांगते, चाचांचा चाकू सांगते, आणि शेवटी म्हणते, "आमच्या हातचं खाल्लं नाही म्हणून वाचली."

लोक हसतात. काही हसत नाहीत, कारण त्यांना कळतं.

परवा चाचा म्हणाले, "असं नको सांगत जाऊ."

"खोटं आहे का?"

"दगड त्यानं उचलला. ते सांग."

"तेही सांगते की."

"आधी सांग ते. तू मधी कुठंतरी घालतीस."

ती पिशव्यांतलं तण काढत होती. चाचांचे हात काखेत होते. आता सवयच झाली होती.

"एक रोप त्याला धाडू," चाचा म्हणाले. "येरमाळ्याला काम चाललंय त्याचं. आपल्या कुलदीपच्या टमटममधी देता येईल."

"धनाजीला? ज्यानं आपल्या हातचं घेतलं नाही त्याला?"

"घेतलं व्हतं. खाल्लं न्हाय."

"त्यात काय फरक?"

चाचांनी फाटकाकडं बघितलं. फाटकाबाहेर शेळ्या कडीशी झोंबत होत्या.

"म्या खाल्लं," ते म्हणाले. "देठाकडची माझ्या वाट्याला आली असती तर आज काय असतं? आपण दोघं असतो, आणि काय?"

नंदानं ओळीतली एक पिशवी उचलली, परत ठेवली. मग दुसरी उचलली, जरा जोमदार होती ती, आणि ओळीपासून हातभर लांब ठेवली. देणार म्हणाली नाही. नाही देणार असंही म्हणाली नाही. तिनं त्या पिशवीतलं तण मात्र काढलं.

धनाजीची खालची दाढ, त्यानं दगड उचलला त्या दिवशी सकाळी, येडशीत काढलेली होती, आणि गमज्याच्या आत त्याच्या तोंडात कापसाचा बोळा होता.